आपल्याच घरातील खुन्याविरुद्ध साक्ष

अत्याचार ज्यांच्यावर झाला त्यांनी त्याची कहाणी सांगणे हे स्वाभाविक आहे. त्यांच्या जखमा बोलतात. परंतु अत्याचार ज्यांनी केला त्यांच्या वंशातील, त्यांच्या भाषेतील, त्यांच्याच देवळात वाढलेला एखादा माणूस उभा राहून जेव्हा म्हणतो की, 'होय, हे आमच्या लोकांनी केले आणि मी त्याचा साक्षीदार आहे,' तेव्हा त्या समाजाची खरी परीक्षा सुरू होते. अशा माणसाला समाज डोक्यावर घेतो की हाकलून देतो, यावरून तो समाज किती सुधारला हे ठरवता येते. क्रोएशियाचे चित्रपट दिग्दर्शक लोर्दान झाफ्रानोविच यांचे आयुष्य म्हणजे अशीच एक परीक्षा आहे आणि तिचा निकाल त्या देशाला फारसा भूषणावह नाही.

आपल्याकडे हे नाव फारसे कुणाला माहीत नाही. युरोपचा सिनेमा म्हटले की फ्रान्स, इटली, फार तर पोलंड आणि रशिया एवढ्यावर आपल्या फिल्म सोसायट्यांची यादी संपते. म्हणून आधी पार्श्वभूमी समजून घेतली पाहिजे.

एप्रिल १९४१ मध्ये हिटलर आणि मुसोलिनी यांच्या फौजांनी युगोस्लाव्हिया गिळंकृत केला. १० एप्रिल १९४१ रोजी झाग्रेब येथे 'स्वतंत्र क्रोएशिया राज्य' जाहीर झाले आणि त्याची सूत्रे आन्ते पावेलिच व त्याच्या 'उस्ताशा' या संघटनेकडे गेली. राज्य स्थापन होऊन तीन आठवडेही लोटले नव्हते, तोच ३० एप्रिलला वंशशुद्धीचे कायदे निघाले. कोण आर्य आणि कोण नाही, कोणी कोणाशी लग्न करावे, कोणाला नागरिक म्हणावे, हे जन्मावरून ठरू लागले. ज्यू आणि रोमा या कायद्यांच्या कक्षेत आले. सर्बांचा तर धर्म, लिपी आणि जीव, तिन्हींवर हल्ला झाला. त्याच वर्षीच्या ऑगस्टमध्ये सावा नदीच्या काठी यासेनोवात्स येथे छळछावणी सुरू झाली. ही छावणी जर्मनांनी चालवली नाही, हे नीट लक्षात घेतले पाहिजे. तिचे अधिकारी, पहारेकरी आणि मारेकरी सारे उस्ताशा होते. तेथे जर्मन छावण्यांसारखी गॅसची यंत्रणा नव्हती. सुरा, हातोडा आणि लाकडी मोगर हीच त्यांची हत्यारे. म्हणजे मारणारा आणि मरणारा यांच्यात एक हाताचे अंतर.

यासेनोवात्सच्या स्मारक संस्थेने नावानिशी तयार केलेल्या यादीत ८३,१४५ बळींची नोंद आहे. त्यात ४७,६२७ सर्ब, १६,१७३ रोमा, १३,११६ ज्यू आणि ४,२५५ क्रोएशियन आहेत. चौदा वर्षांखालील मुलांची संख्या वीस हजारांहून जास्त आहे.

या यादीतील रोमा लोकांकडे आपल्या वाचकांनी थांबून पाहावे. हे लोक काही शतकांपूर्वी भारतातून बाहेर पडलेल्यांचे वंशज आहेत, हे भाषाशास्त्राने सिद्ध केले आहे. त्यांच्या भाषेत पाण्याला पानी म्हणतात आणि कानाला कान म्हणतात. युरोपने त्यांना गावाबाहेर ठेवले, चोर म्हटले, त्यांच्या सावलीचाही संशय घेतला. क्रोएशियातील रोमा वस्त्या १९४२ मध्ये अक्षरशः रिकाम्या करण्यात आल्या. माणसे, बाया, मुले, म्हातारे यांना यासेनोवात्सला नेऊन जवळच्या उश्तित्सा गावात मारण्यात आले. मेल्यानंतरही त्यांची आठवण सर्वांत शेवटी झाली. तेथे रोमा लोकांसाठी स्मृतिकेंद्र उभे राहायला २०२० साल उजाडावे लागले.

अशा या काळाच्या अखेरीस, ११ फेब्रुवारी १९४४ रोजी, एड्रियाटिक समुद्रातील शोल्टा बेटावर मास्लिनित्सा या कोळ्यांच्या गावी लोर्दान झाफ्रानोविच यांचा जन्म झाला. धर्माने कॅथलिक, भाषेने क्रोएशियन, म्हणजे ज्या समूहाच्या नावाने उस्ताशांनी कत्तली केल्या त्याच समूहातील हा मुलगा. तरुणपणी स्प्लिट शहरातील हौशी सिनेमावाल्यांच्या क्लबात ते छोटे छोटे चित्रपट काढू लागले. तेथून ते प्राग येथील प्रसिद्ध चित्रपट शिक्षणसंस्थेत गेले आणि १९७१ मध्ये पदवी घेऊन बाहेर पडले. युगोस्लाव्हियातून त्या काळात प्रागला शिकायला गेलेल्या मुलांमध्ये रायको ग्रलिच, गोरान पास्काल्येविच, स्र्जान कारानोविच आणि थोडे उशिरा गेलेले एमीर कुस्तुरिचा अशी पुढे गाजलेली नावे आहेत.

प्रागमध्ये झाफ्रानोविच यांना एल्मार क्लोस हे गुरू लाभले. क्लोस यांनी यान कादार यांच्यासह १९६५ मध्ये एक चित्रपट काढला होता. स्लोव्हाकियातील एका लहान गावात, ज्यूंची मालमत्ता 'आर्यां'च्या ताब्यात देण्याच्या कायद्याने एका गरीब सुताराला एका म्हाताऱ्या ज्यू बाईचे बटणांचे दुकान मिळते. सुतार स्वभावाने वाईट नाही. तो फक्त मोह आणि भीती यांच्यात सापडतो, आणि बाई मरते. या चित्रपटाला ऑस्कर मिळाले. फॅसिझम हा केवळ गणवेशातील सैनिकांच्या बळावर चालत नाही, तो शेजाऱ्याच्या मदतीने चालतो, हा त्या चित्रपटाचा धडा होता. शिष्याने तो आयुष्यभर सोडला नाही.

१९७८ मध्ये झाफ्रानोविच यांनी 'सव्वीस चित्रांतील कब्जा' हा चित्रपट काढला. पटकथा त्यांनी आणि लेखक मिर्को कोवाच यांनी मिळून लिहिली. कथा दुब्रोव्निक या समुद्रकाठच्या देखण्या शहरातील तीन मित्रांची आहे. निको हा जुन्या खानदानी क्रोएशियन घरातला, मिहो ज्यू आणि टोनी इटालियन वंशाचा. तिघे एकत्र पोहतात, हिंडतात, मौज करतात. वंश नावाची गोष्ट त्यांच्या मैत्रीत कधी आडवी आलेली नाही. मग १९४१ उजाडते. इटालियन फौजा शहरात येतात, उस्ताशांचा अंमल सुरू होतो आणि टोनी काळा सदरा चढवतो. कालचा मित्र आजचा मालक होतो. बँड वाजतात, मेजवान्या झडतात, समुद्र तसाच निळा राहतो आणि त्याच देखण्या शहरातून माणसे उचलली जातात.

या चित्रपटात एका बसचे दृश्य आहे. पकडलेली माणसे बसमध्ये भरली आहेत आणि उस्ताशा त्यांना तेथेच, बसच्या आत, एकेकाला हालहाल करून मारतात. हातोडा आहे, खिळा आहे, सुरा आहे. कॅमेरा मान वळवत नाही. हे दृश्य ज्यांनी पाहिले ते विसरले नाहीत. चित्रपटाला पुला येथील राष्ट्रीय महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला आणि १९७९ मध्ये तो कान महोत्सवाच्या स्पर्धेत दाखवला गेला. परंतु त्याच बसच्या दृश्यावरून वादही सुरू झाला. एवढे रक्त दाखवायची गरज काय? हे कलेत बसते काय? असे प्रश्न विचारले गेले.

या प्रश्नात थोडे तथ्य आहे, ते नाकारू नये. हिंसा पडद्यावर आली की तिचा तमाशा होण्याचा धोका असतोच. झाफ्रानोविच यांची चित्रभाषा श्रीमंत आहे. प्रकाश, संगीत, उघडी शरीरे, संगमरवरी जिने यांची त्यांना ओढ आहे, आणि कधी कधी सौंदर्याचा हा सोस विषयावर चढतो. परंतु प्रश्न विचारणाऱ्यांपैकी अनेकांची अडचण कलेची नव्हतीच. त्यांची अडचण अशी होती की मारणारे हात त्यांच्या ओळखीचे होते. मारणारा जर्मन असता तर हेच दृश्य त्यांनी पचवले असते. जर्मनांना मारेकरी दाखवणारे पार्टिझनपट युगोस्लाव्हियात ढिगाने निघत होते आणि लोक ते सहकुटुंब पाहत होते. झाफ्रानोविच यांनी मारेकऱ्याला आपल्या बोलीत बोलायला लावले, हा त्यांचा खरा अपराध.

दुसरा आक्षेप अधिक गंभीर आहे. टिटोच्या राज्यात उस्ताशांविरुद्ध चित्रपट काढायला कसले आले आहे धैर्य? सरकारी पैसा, सरकारी पुरस्कार, सरकारला हवा तोच विषय! हा आक्षेप वरवर बिनतोड दिसतो, पण पुढचे चित्रपट पाहिले की तो ढासळतो. १९८१ च्या 'इटलीचा पाडाव' मध्ये त्यांनी पार्टिझनांकडेच कॅमेरा वळवला. एका बेटावरील पार्टिझन कमांडर दाव्होरिन क्रांतीच्या शिस्तीखातर आपल्याच जिवलग साथीदाराला मृत्युदंड देतो, कारण तो वर्गशत्रूच्या घरातील मुलीच्या प्रेमात पडला. पुढे दाव्होरिन स्वतः त्याच वाटेने जातो आणि त्याच न्यायाचा बळी ठरतो. ही भूमिका पोलंडचे प्रसिद्ध नट दानियल ओल्ब्रिख्स्की यांनी केली. मग १९८६ मध्ये 'सांजेच्या घंटा' आला. त्यातील नायक, राडे शेर्बेजिया यांनी साकारलेला कम्युनिस्ट कार्यकर्ता, नाझींच्या तावडीतून सुटतो आणि १९४८ मध्ये टिटो-स्टालिन फुटीनंतर आपल्याच पक्षाच्या तुरुंगात पडतो. ज्या व्यवस्थेने पुरस्कार दिले तिलाही झाफ्रानोविच यांनी सोडले नाही. पक्षाचा भाट असे काम करत नाही.

हे तिन्ही चित्रपट एकत्र पाहिले तर त्यांची भूमिका स्पष्ट होते. कोणतीही कल्पना, मग ती राष्ट्राची असो, वंशाची असो की क्रांतीची, माणसापेक्षा मोठी झाली की ती माणूस खाऊ लागते. मात्र म्हणून सारे सारखेच दोषी, असे त्यांनी कधी म्हटले नाही. जन्मावरून माणसाला मारण्याचा कायदा करणारे राज्य आणि त्याविरुद्ध बंदूक उचलणारी चळवळ यांना त्यांनी एका तागडीत तोलले नाही. चळवळीतील अन्याय दाखवायचा आणि चळवळ का उभी राहिली हेही विसरू द्यायचे नाही, ही अवघड कसरत त्यांनी केली.

याच सुमारास क्रोएशियात एक मोठी घटना घडली. पावेलिचच्या मंत्रिमंडळातील गृहमंत्री आंद्रिया आर्तुकोविच हा वंशकायद्यांवर सही करणारा आणि ज्याच्या खात्याच्या अखत्यारीत छावण्या चालल्या असा माणूस. युद्धानंतर तो पळाला आणि १९४८ पासून अमेरिकेत कॅलिफोर्नियात राहत होता. युगोस्लाव्हियाने त्याला मागितले, पण १९५९ मध्ये अमेरिकेने नकार दिला. अखेर फेब्रुवारी १९८६ मध्ये त्याला झाग्रेबला आणण्यात आले, मे महिन्यात फाशीची शिक्षा सुनावण्यात आली, पण प्रकृतीच्या कारणाने ती अमलात आली नाही. जानेवारी १९८८ मध्ये तो म्हातारपणाने मेला. हजारो लहान मुले ज्या वयात मारली गेली, त्याच्या कितीतरी पट आयुष्य तो जगला.

या खटल्याचे चित्रण झाफ्रानोविच यांनी केले. ऐंशीच्या दशकातच त्यांनी यासेनोवात्सवर 'यासेनोवात्सचे रक्त आणि राख' हा माहितीपट काढला होता. आता आर्तुकोविचचा खटला, उस्ताशांनी स्वतःच्या प्रचारासाठी घेतलेली जुनी चित्रे आणि स्वतःची कबुली अशी गुंफण करून ते एक मोठा माहितीपट उभा करीत होते. तो पुरा होण्याआधीच देश फुटला.

१९९० च्या निवडणुकीत फ्रान्यो तुज्मान यांचा राष्ट्रवादी पक्ष सत्तेवर आला. तुज्मान हे तरुणपणी पार्टिझन होते, नंतर इतिहासकार झाले आणि १९८९ च्या आपल्या पुस्तकात त्यांनी यासेनोवात्सच्या बळींचा आकडा तीस-चाळीस हजारांवर आणून ठेवला होता. येथे सत्याची दुसरी बाजूही सांगितली पाहिजे. युगोस्लाव्हियाच्या सरकारी इतिहासात सात लाखांचा आकडा वर्षानुवर्षे सांगितला जात होता, तोही पुराव्याला धरून नव्हता. सर्बियातील राष्ट्रवाद्यांनी त्या फुगवलेल्या आकड्याचे हत्यार केले आणि 'क्रोएशियन म्हणजे उस्ताशाच' असा प्रचार करून १९९१ चे युद्ध पेटवले. एकाने बळी वाढवले, दुसऱ्याने कमी केले. मेलेल्यांना दोन्हीकडून राबवले गेले. म्हणूनच नावानिशी केलेली ८३,१४५ ची यादी मोलाची आहे. तिच्यात आकड्यामागे माणूस आहे.

अशा वातावरणात झाफ्रानोविच यांच्यावर देशद्रोही, क्रोएशियन लोकांचा शत्रू असे शिक्के बसले. १९९१ मध्ये त्यांनी देश सोडला. जो माहितीपट त्यांनी मायदेशात सुरू केला होता तो १९९३ मध्ये परदेशात पुरा झाला. नाव, 'शतकाचा अस्त : लो. झा. यांची साक्ष'. आपल्या नावाची आद्याक्षरे त्यांनी शीर्षकात घातली आहेत, कारण साक्ष निनावी देता येत नाही.

त्या वेळी त्यांच्या देशबांधवांनी विचारले, आणि प्रामाणिकपणे विचारले, की व्हुकोव्हार शहरावर तोफा धडधडत असताना, १८ नोव्हेंबर १९९१ ला ते शहर पडले आणि इस्पितळातील जखमींना नेऊन मारले गेले असताना, आमच्या बापजाद्यांचे गुन्हे उकरून काढायची ही वेळ आहे काय? आज आम्ही मार खात आहोत! ज्या माणसाचे घर जळत आहे त्याचा हा प्रश्न टवाळीने उडवून लावण्यासारखा नाही.

परंतु त्याचे उत्तर पुढील घटनांनीच दिले. ७ डिसेंबर १९९१ रोजी झाग्रेब शहरात, तोफांच्या आघाडीपासून दूर, बारा वर्षांच्या एका सर्ब मुलीला तिच्या आईवडिलांसह गणवेशातील माणसांनी ठार केले. पकडलेल्यांनी कबुली दिली, पण चौकशीतील त्रुटींचा आधार घेऊन ते त्या खुनाच्या आरोपातून सुटले. आपण मार खात आहोत म्हणून आपला प्रत्येक हात स्वच्छ आहे, असे समजणाऱ्या समाजात हेच घडते. जुन्या गुन्ह्याची साक्ष दाबली की नव्या गुन्ह्याला परवाना मिळतो. झाफ्रानोविच पन्नास वर्षांपूर्वीचे बोलत आहेत असे लोकांना वाटत होते. ते कालचे आणि उद्याचे बोलत होते.

परदेशात गेल्यावर त्यांच्या कलाजीवनाची मोठी हानी झाली, हे मान्य केले पाहिजे. १९७८ ते १९८८ या दहा वर्षांत एकामागून एक मोठे चित्रपट देणारा हा दिग्दर्शक पुढे फार थोडे काम करू शकला. प्रागमध्ये काही काम झाले, २०११ मध्ये टिटोच्या आयुष्यावरील अनेक भागांची माहितीमालिका पडद्यावर आली. १९४२ मध्ये कोझारा डोंगराळ प्रदेशातून छावण्यांत नेलेल्या मुलांवर चित्रपट काढण्यासाठी त्यांनी वर्षानुवर्षे पैशासाठी दारे ठोठावली. कोणी त्यांना तुरुंगात टाकले नाही, कोणी गोळी घातली नाही. फक्त काम मिळेनासे झाले. कलावंताला मारण्याचा हा सुसंस्कृत मार्ग सगळ्याच देशांतील प्रस्थापितांना चांगला माहीत असतो.

आणि ज्यांना हवे ते बोलायचे होते त्यांचे काय झाले? २०१६ मध्ये याकोव्ह सेदलार या दुसऱ्या क्रोएशियन दिग्दर्शकाने यासेनोवात्सवर एक माहितीपट काढला. बळींचे आकडे फुगवलेले आहेत आणि १९४५ नंतर कम्युनिस्टांनीच तेथे छावणी चालवली, असा त्याचा रोख. इस्रायलच्या राजदूतांनी जाहीर टीका केली, इतिहासकारांनी त्यातील पुराव्यांची चिरफाड केली. तरीही २०१७ मध्ये झाग्रेब शहराने या दिग्दर्शकाला पुरस्कार दिला. त्याआधीच्या वर्षी यासेनोवात्स गावातच उस्ताशांची घोषणा कोरलेली पाटी लागली होती. ती सप्टेंबर २०१७ मध्ये हलवण्यात आली, पण नष्ट न करता जवळच्या दुसऱ्या गावी नेऊन बसवली. सर्ब, ज्यू आणि फॅसिझमविरोधी संघटनांनी सरकारी श्रद्धांजलीवर बहिष्कार टाकून स्वतंत्रपणे फुले वाहिली. एकाच छावणीवर दोघांनी चित्रपट काढले. साक्ष देणारा देशाबाहेर गेला आणि शंका पेरणाऱ्याला शहराने हार घातला.

म्हणजे झाफ्रानोविच हरले काय? तसे म्हणता येत नाही. २०१८ मध्ये नेबोयशा स्लियेप्चेविच या पुढच्या पिढीतील क्रोएशियन दिग्दर्शकाने 'स्र्बेंका' हा माहितीपट काढला. वर सांगितलेल्या बारा वर्षांच्या सर्ब मुलीवर बसवल्या जाणाऱ्या नाटकाच्या तालमींचे त्यात चित्रण आहे, आणि आजही आपण सर्ब असल्याचे वर्गात लपवावे लागते अशी एक शाळकरी मुलगी त्यात दिसते. याच दिग्दर्शकाच्या लघुपटाला २०२४ मध्ये कान महोत्सवात सर्वोच्च पुरस्कार मिळाला. फेब्रुवारी १९९३ मध्ये बेलग्रेड ते बार या रेल्वेगाडीतून सर्ब टोळीने मुसलमान प्रवाशांना उतरवून नेले आणि ठार केले. गाडीत शेकडो माणसे होती. विरोध केला एकाने, टोमो बुझोव्ह या निवृत्त क्रोएशियन लष्करी अधिकाऱ्याने, आणि तोही मारला गेला. लघुपटाचे नाव आहे 'गप्प बसू न शकलेला माणूस'.

आपल्या चळवळीच्या वाचकाला यातून काय घ्यायचे हे सांगण्याची गरज नाही. अत्याचाराच्या बातम्या आपण रोज वाचतो आणि 'जुने कशाला उकरता?' हा सवाल कोण, कोणाला आणि कशासाठी विचारतो, हे आपल्याला पाठ आहे. झाफ्रानोविच यांच्या आयुष्याने त्यात एका गोष्टीची भर घातली आहे. हा सवाल विचारणाऱ्यांच्या घरातही कधी कधी एखादा माणूस उठतो, आपल्या बापाच्या हातातील हातोडा ओळखतो आणि तो न्यायालयापुढे आणून ठेवतो. त्याचे घर त्याला बाहेर काढते. अशा वेळी बळींच्या बाजूच्या माणसांनी निदान त्याचे नाव लक्षात ठेवावे. सव्वीस चित्रांतील ती बस दुब्रोव्निकच्या निळ्या समुद्राकाठी अजून उभी आहे, आणि ती कोणी भरली हे सांगणारा साक्षीदारही नोंदला गेला आहे.